छपरावर सोलार, डोक्याला ताप

डिचोलीत सोलारचं दुकान टाकल्यापासून माझ्याकडे पॅनल कमी आणि किस्से जास्त साठलेत! खरं तर सांगायचं एवढंच असतं: दिवसा वापरून उरलेली वीज वीजखात्याच्या तारेत जाते, रात्री तिथूनच परत घ्यायची. मीटर दोन्ही मोजतो, बिल फरकाचं येतं. एवढं समजावताना माझा घसा बसतो. आणि गावात एकानं जरी ‘फसवलं’ म्हटलं, की त्या वाड्यावरचं पुढचं एकही छप्पर मला मिळत नाही.

*

मोरजीच्या एका काकांकडे पहिल्याच आठवड्यात भरदुपारी लाईट गेली. लगेच फोन!

“पंखो कित्याक बंद पडलो?”

“काका, तारेवर लाइनमन काम करत असतो. तुमची वीज तारेत गेली तर त्याला शॉक बसेल. म्हणून सोलार आपोआप बंद होतं.”

“मगे छपरार काय पापड सुकत घातले?”

*

नवा मीटर बसेपर्यंत सोलार चालू करू नका, असं मी ओरडून सांगतो. जुन्या मीटरला दिशा कळत नाही. वीज आत येवो की बाहेर जावो, तो आपला पुढेच पळतो! पेडण्याच्या एका दुकानदारांना धीर धरवला नाही. बिल दुप्पट आलं, ते माझ्या टेबलावर आपटून म्हणाले,

“आता सूर्याचांय बिल भरूचां?”

*

चोपड्याच्या एक मास्तरीणबाई महिनाभर मुलाकडे पुण्याला राहून आल्या. तडक दुकानात. “घर बंद, वापर शून्य. मग महिन्याची वीज गेली खंय?”

जाऊन बघितलं, तर बाहेर गेलेली वीजही शून्य! पॅनल तपासले, वायरी तपासल्या. शेवटी विचारलं, “बाई, सोलारची वीज बाहेर जाते ती मेन स्विचमधूनच. जाताना तो...?”

“बंद केलो मरे! घराक कुलूप लावन स्विच चालू कोण ठेयता?”

*

मयेला दोन भाऊ, भिंतीला भिंत लागून घरं, दहा वर्षं बोलणं बंद. थोरल्यानं सोलार बसवलं आणि सहज विचारलं, “उरलेली वीज जाता खंय?”

मी शहाणा! म्हटलं, “सगळ्यात जवळच्या घरात.”

झालं! “माझी वीज त्याच्या घरात? काढ सगळां! ना तर गावभर सांगतंय, फसवलंस म्हणान!” हातापाया पडून मी आठ दिवसांची मुदत मागितली.

चौथ्या दिवशी धाकटाच दुकानात उभा! बसा म्हटलं, बसला नाही.

“दादाच्या छपरार पॅनल किती?”

“सहा.”

“माझ्या छपरार आठ घाल. दादाचो फ्रिज माझ्या विजेर चलांदे!”