लिंबाजवळचे अपघात

जळगाव-धुळे रस्त्यावरचे एक कडुलिंबाचे झाड मी तोडायला लावले, आणि त्या झाडाचा काहीही दोष नव्हता. नोकरीत मोठमोठे गुन्हे हाताळले, दरोडे पाहिले. पण सेवानिवृत्तीनंतर मन सारखे जाते ते या साध्या अपघाताच्या केसकडे.

तेव्हा मी नवा फौजदार होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीपुढे गेले नव्हते. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. अमळनेरच्या एका गणिताच्या मास्तरांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतले, म्हणून मी पदवीधर झालो. मास्तर म्हणत, गोंधळ दिसला की आधी कोष्टक मांडावे. ठाण्यात गोंधळाला तोटा नव्हता.

आमचे ठाणे पूर्व खानदेशच्या अगदी टोकाला. थोडे पुढे गेले की एक अरुंद मोरी, म्हणजे नाल्यावरचा छोटा पूल, आणि मोरीपलीकडे पश्चिम खानदेश, म्हणजे आजचा धुळे जिल्हा. रस्त्यावर लॉऱ्या वाढत होत्या, एस. टी. नव्याने धावू लागली होती, आणि त्याच रस्त्यावर बैलगाड्या, सायकली, बाजारची माणसे. अपघात सारखे व्हायचे.

मी जुन्या फाइली काढून बसलो आणि पहिल्याच दिवशी वैतागलो. प्रत्येक फाइलीत कारण एकच: 'भरधाव वेगाने व हयगयीने वाहन चालवल्यामुळे.' एका पंचनाम्यात उभ्या लॉरीवर मागून बैलगाडी आदळली होती. तिथेही लॉरी भरधावच.

तरीही मी मोठ्या कागदावर रकाने आखले. वार, वेळ, गाडी कोणत्या दिशेने चालली होती, अपघाताची जागा. जागेच्या रकान्यात ओळीने एकच शब्द येऊ लागला: लिंबाजवळ. ते झाड मोरीच्या अलीकडे, चांगल्या अर्ध्या मैलावर, वळणावर उभे होते. मला वाटले, सापडले. झाडामुळे वळणापलीकडचे दिसत नसणार. कोष्टक जोडून मी रस्त्याच्या खात्याला पत्र लिहिले. तीन स्मरणपत्रांनंतर ओव्हरसियर आला, त्याने मान डोलावली, आणि झाड पडले. वरून शाबासकीचे पत्र आले. ते मी वडिलांना दोनदा वाचून दाखवले.

पुढच्याच महिन्यात त्या रस्त्यावर एक लॉरी बैलगाडीवर गेली. गाडीवान जागीच ठार. मी यात्रेच्या बंदोबस्तावर होतो, म्हणून पंचनामा आमच्या हवालदारांनी केला. वयाने वडील, सगळे त्यांना नाना म्हणत. मीही म्हणे. मी परत आलो तेव्हा ड्रायव्हर कोठडीत होता आणि फाइल तयार होती. भरधाव वेगाने व हयगयीने. आता फक्त माझी सही आणि चार्जशीट.

ड्रायव्हर धुळ्याचा मुसलमान गृहस्थ, चाळिशीचा, घरात पाच खाणारी तोंडे. हयगयीने मृत्यू घडवल्याच्या कलमाखाली शिक्षा झाली असती तर तुरुंग होताच. लायसन्स गेले असते तर पुढचे आयुष्यही गेले असते. मी त्याला समोर बसवून विचारले, किती वेगात होतास?

"साहेब, कपाशीच्या गाठी वरपर्यंत भरलेल्या. माझी लॉरी पळाली असती तर मालकानेच मला बक्षीस दिलं असतं."

मला हसू आले, ते मी दाबले. तो पुढे सांगू लागला की अपघात मोरीवर झाला. सूर्य थेट डोळ्यांत होता, आणि पुढे मोरी आहे हे त्याला मोरीवर गेल्यावरच समजले. मी त्याला थांबवले. पंचनाम्यात लिंबाजवळ लिहिले होते, माझे कोष्टकही लिंबच सांगत होते. सगळे ड्रायव्हर काही ना काही सांगतात, असे म्हणून मी त्याला परत आत पाठवले. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी मयताचे वडील आले. मुद्देमालात जमा असलेला उरलेला बैल सोडवून न्यायचा होता. मी त्यांना खुर्ची दिली आणि धीर देण्यासाठी म्हणालो, आबा, ड्रायव्हरला सोडणार नाही. म्हाताऱ्यांनी मान हलवली.

"त्याले धरीसन काय व्हई? तुम्ही लिंब तोडं. मना पोऱ्या लिंबजोडे नही मरना, साहेब. मोरीवर मरना. बठ्ठा मोरीवरच मरतस."

पोरगा लिंबाजवळ मेला नाही, सगळे मोरीवरच मरतात, एवढे सांगून बैल घेऊन ते गेले. मी पंचनामा पुन्हा उघडला. नानांच्या सुबक अक्षरात लिहिले होते: 'लिंबाच्या बुंध्यापासून बारा पावलांवर, झाडाच्या सावलीत.' झाड पडून महिना होत आला होता. जागेवर बुंधासुद्धा राहिला नव्हता.

मी नानांना बोलावून दार लावून घेतले. विचारले, ही सावली कुठून आणली? मी आवाज चढवला. तेव्हा त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

त्यांनी सांगितले ते असे. माझ्या आधीच्या काळात एक बांगड्यांचा फेरीवाला मोरीवर लॉरीखाली सापडला. दोन्ही पाय चेंगरले होते, पण माणूस शुद्धीवर होता. मोरी म्हणजे दोन जिल्ह्यांची हद्द. आमचे लोक म्हणाले त्यांची हद्द, पलीकडचे म्हणाले तुमची. टेप आणला, मोजणी सुरू झाली. मोजणी पुरी होण्याआधी फेरीवाला संपला.

"टेपचं एक टोक माझ्याच हातात होतं, साहेब," नाना म्हणाले. "तेव्हापासून मोरीवर काही झालं की मी लिंबाजवळ लिहितो. लिंब आपल्या हद्दीत. मग कोणी वाद घालत नाही, माणूस आधी दवाखान्यात जातो."

माझे पत्र, माझे कोष्टक, पडलेले झाड, शाबासकी, आणि कोठडीतला तो माणूस, सगळे एकदम डोक्यात गेले. मी ओरडूनच विचारले, मग तुमच्या कागदात खरे काय आहे?

"वेळ खरी. दिशा खरी. जागा तेवढी माझी."

"आणि खऱ्या जागा?"

"त्या कशा विसरेन?"

त्याच दिवशी चुन्याची पिशवी घेऊन आम्ही रस्त्यावर गेलो. नाना एकेका ठिकाणी उभे राहायचे, कोणता अपघात ते सांगायचे, मी चुन्याची खूण करायचो. दोन-तीन सोडल्या तर सगळ्या खुणा मोरीवर किंवा तिच्या तोंडाशी दाटल्या. वेळेचा रकाना पाहिला तर बहुतेक अपघात दिवस मावळतीचे आणि गाड्या धुळ्याकडे जाणाऱ्या. म्हणजे पश्चिमेला तोंड करून. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. नाना मोरीवर जाऊन उभे राहिले. मी ड्रायव्हरच्या जागी म्हणून रस्त्याच्या मध्यावरून चालू लागलो. समोर नुसता सूर्य. मोरीचे कठडे मातीच्याच रंगाचे, रस्ता तिथे एकदम एका गाडीपुरता होतो. नाना मला हाका मारत होते, पण अगदी जवळ जाईपर्यंत दिसले नाहीत.

आता ड्रायव्हर सुटू शकत होता, पण त्यासाठी पहिला पंचनामा खोटा आहे हे कोर्टाला सांगावे लागणार होते. खोटे दप्तर लिहिणे हा गुन्हा. नानांच्या पेन्शनला दोन वर्षे उरली होती. परतीच्या वाटेवर मी त्यांना हे सांगितले. वाटले, ते हात जोडतील. मनातून मला तेच हवे होते, म्हणजे निर्णय माझ्यावर आला नसता.

"लिहा," ते म्हणाले. "तो ड्रायव्हर खोटं बोलला नाही. खोटं मी लिहिलं. फक्त त्या टेपचंही लिहा."

मी लिहिले. नवा पंचनामा, नवे कोष्टक, नानांचा जबाब, टेपसकट. मॅजिस्ट्रेटने ड्रायव्हरला सोडले. नानांची एक फीत उतरली, आणि शेवटपर्यंत ते खालच्या हुद्द्यावरच राहिले. टेपबद्दल मात्र वरून कोणीही एक अक्षर विचारले नाही.

मोरीचे काय झाले? दोन्ही जिल्ह्यांच्या रस्ते खात्यांनी मला उत्तरे पाठवली. दोन्ही पत्रांत वाक्य तेच: 'सदर मोरी या खात्याच्या हद्दीत येत नाही.' शेवटी ड्रायव्हर आणि त्याचे चार सोबती येऊन कठडे चुन्याने रंगवून गेले. मयताच्या वडिलांनी त्यांना विहिरीचे पाणी काढून दिले. मोरी रुंद व्हायला पुढे कैक वर्षे लागली. तोवर माझी बदली झाली होती.

नंतरच्या नोकरीत तरुण अधिकारी मला तक्ते आणून दाखवत. माझ्यापेक्षा कितीतरी देखणे. आकडे जमवायला शिकवणाऱ्या मास्तरांचा मी आजही ऋणी आहे. कोष्टकाशिवाय ती संध्याकाळची वेळ माझ्या लक्षात आली नसती. पण प्रत्येकाला मी आधी एकच विचारायचो: हे ज्याने लिहिले त्याला खरे लिहिले तर कशाची भीती होती? बहुतेकांना या प्रश्नाचा राग यायचा. नानांसमोर दार लावून बसलो होतो तेव्हा मलाही आला होता.