जडेयाच्या अंगणातलं उप्पिलू

आमच्या पोडूत, म्हणजे वस्तीत, बायका नेल्लीच्या, म्हणजे आवळ्याच्या, झाडावर चढत नसत. पुरुषांनी फांद्या हलवायच्या आणि बायकांनी खाली पडलेले आवळे वेचायचे, अशी रीत. केतम्मा चढायला लागली ती जडेय पडल्यावर.

जडेय तिचा नवरा. बिळिगिरी डोंगराच्या या उतारावर त्याच्याइतका हलक्या पायाचा माणूस नव्हता. त्या वर्षी आवळ्यांवर उप्पिलू, म्हणजे बांडगूळ, फार माजलं होतं. म्हातारे सांगतात, पूर्वी थंडी सरताना आम्ही पालापाचोळा पेटवायचो, त्या धगीत उप्पिलू करपून जायचं. ते बंद झालं आणि हे फोफावलं. आवळे उतरवता उतरवता जडेय कोयत्याने त्याचे झुबके छाटत होता. बांडगुळाने सुकवलेली एक फांदी पायाखाली मोडली. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग लुळं पडलं.

पुढच्या हंगामात केतम्माने कोयता कमरेला खोचला. ओंजळभर आवळे काढायची नि पाच झुबके तोडायची. तिची नणंद नंजी एकदा म्हणाली, "वहिनी, आवळे काढायला आलीस की सूड घ्यायला?"

"दोन्ही," केतम्मा म्हणाली आणि आणखी वर चढली.

अंगणातही एक नेल्ली होती. जडेय दिवसभर तिच्याखाली चटईवर पडून असायचा. त्या झाडावर एकच झुबका होता, पण चांगला टोपलीएवढा. उन्हाळ्याच्या तोंडाला केतम्माने लुगडं खोचलं आणि बेचक्यात पाय ठेवला.

"ते राहू दे, केते," जडेय म्हणाला.

"ज्यानं तुला पाडलं, ते?"

"घाई मी केली होती. हे माझ्या सोबतीला आहे. तू सकाळी जातेस, दिवस कलल्यावर येतेस. मधे इथं कोण असतं?"

ती उतरली. संध्याकाळी नाचणीच्या उकडीचा गोळा त्याच्या पुढ्यात ठेवला आणि पाठ करून बसली. दुसऱ्या दिवशी मात्र ती रानात गेली नाही. कसली सोबत ते बघू या, असं मनाशी म्हणत त्याच्या शेजारी बसली.

अंगठ्याएवढा एक पक्षी आला. त्याने उप्पिलूचं फळ गिळलं, थोड्या वेळाने बूड फांदीवर घासलं, आणि चिकट बी तिथेच चिकटलं.

"पेरणी चाललीय," जडेय म्हणाला. "नांगर नको की बैल नको."

केतम्माला हसायचं नव्हतं, तरी हसू फुटलं. दुपारी पिवळ्या-तांबड्या ठिपक्यांचं हळदीकुंकू फुलपाखरू पानाखाली ओळीने अंडी घालून गेलं. ऊन उतरल्यावर कुंपणापाशी सांबराची मादी आली आणि खाली गळलेली उप्पिलूची पानं हुंगून हुंगून खाऊ लागली. बाकी रान तेव्हा वाळून कोरडं झालं होतं.

"गाभण आहे," जडेय हळूच म्हणाला. "दर दोन दिवसांनी येते."

मादी निघून जाईपर्यंत केतम्मा हलली नाही. मग झाडावर चढली आणि झुबक्याचा अर्धा भाग जपून छाटून कुंपणापलीकडे टाकला.

"अर्धं तुझ्यासाठी ठेवलंय," ती वरूनच म्हणाली. "सगळं ठेवलं तर झाड मरेल, मग सोबतही जाईल."

जडेयाने जरा विचार करून मान डोलावली. "तू माझ्यापेक्षा बरी चढतेस."

"हे सांगायला तुला अख्खा हंगाम लागला?"

त्यानंतर ती दर झाडावर खालच्या फांदीला एक झुबका ठेवू लागली. छाटलेलं उप्पिलू जाळायचं नाही, सांबरांसाठी तिथेच टाकायचं, असं तिने बाकीच्यांनाही सांगितलं. काहींनी ऐकलं, नंजीने नाही. तरीही दोन-चार झाडं वाळलीच.

संध्याकाळी जडेय एकेका झाडाची विचारपूस करतो. ओढ्याकाठच्या नेल्लीवर फळं धरली का, तिथे कोणतं पाखरू आलं होतं. केतम्मा सगळं सांगते. एखाद्या झाडाचं नीट आठवलं नाही, तर दुसऱ्या दिवशी वाट वाकडी करून बघून येते.