वाकणाऱ्या सळ्या

भूकंपात माझी मावशी दगडी भिंतीखाली गेली, तेव्हापासून माय पक्क्या छताखाली झोपत नाही. इतकी वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये तिची खाट. आता तिचे गुडघे गेलेत, थंडी सोसत नाही. तिनं आत झोपावं एवढ्यासाठीच मी रेणापुरात घर बांधायला काढलं, आणि म्हणून मला सगळ्यात कडक सळई हवी होती.

लातूरच्या दुकानदारानं दोन नमुने दिले, सोबत तपासणीचे कागद. कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस. आकडे सगळे शून्य पॉइंट काहीतरी. मी मराठीचा मास्तर, डोकं गरगरलं. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं. "कार्बन वाढला की पोलाद कडक होतं," ते म्हणाले. पुढंही बरंच बोलले, पण मला हवं ते मिळालं होतं. जास्त कार्बनवाली सळई पसंत करून मी मोठ्या ऐटीत घरी आलो.

मिस्त्रीनं ती खांबातल्या चौकोनी रिंगेसाठी वाकवून पाहिली. कोपऱ्यावर भेग पडली.

"लई कडक हाय सर. ही न्हाई चालायची."

दुसरी वाकवली, ती गुमान वळली. "ही घ्या."

"म्हणजे मऊ सळईवर घर उभं करायचं?" मी चिडलोच.

"मऊ न्हाई. कडक बी हाय, पर वाकती. हादरा बसला तर ही वाकंल, ती मोडंल."

परत सरांना फोन. "तेच तर सांगत होतो," ते वैतागले. कार्बन हवाच, पण बेतानं. जास्त झाला तर पोलाद ठिसूळ. फॉस्फरस आणि गंधक तर जितके कमी तितके बरे. कडक हवं, पण फार नको. फार म्हणजे किती, हे मला आजही धड सांगता येणार नाही.

माय शेजारी बसून ऐकत होती. "आमच्या भिंती बी लई कडक व्हत्या," ती म्हणाली. मग मिस्त्रीकडं वळली. "आन् वाकल्यावर रे?"

"मोडायला टाइम लागतो आजी. तेवढ्यात माणूस भाईर पळतं."

"माझ्या बहिणीला तेवढा मिळाला न्हाई."

दोन्ही कागद हातात धरून मी उभा होतो आणि मला भयंकर लाज वाटत होती. माय गुडघ्यावर हात टेकून उठली. जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या घराच्या रेषांवरून सावकाश चालत पुढच्या दाराच्या जागेपर्यंत गेली आणि थांबली.

"माझी खोली हितं काढ," ती म्हणाली. "दारापाशी."