पडद्यावरचं निळं कपाट

कॉम्प्युटरपुढं बसण्याआधी तो मॉनिटरच्या काचेवर बोटाच्या पेरानं टकटक करायचा आणि विचारायचा, "यावं का आत?" मग स्वतःच उत्तर द्यायचा, "या की, तुमचंच घर हाय."

क्लासमधली पोरं हसायची. मला राग यायचा. मशीन माझं, क्लास माझा, आणि घर याचं!

त्या काळात केजच्या बाजारातून जे कुणी फिरले असतील, त्यांनी त्याचं अक्षर पाहिलेलं आहे. दुकानांच्या पाट्या तोच रंगवायचा, म्हणून सगळे त्याला पेंटर म्हणत. अक्षरांना अशी सावली द्यायचा, की दुकानाचं नाव भिंतीतून बाहेर आल्यासारखं वाटे. मी तेव्हा टायपिंगच्या मशीनी एका बाजूला सारून नवे कॉम्प्युटर मांडले होते. क्लासची पाटी रंगवायला तो आला आणि शिडीवरूनच म्हणाला, "सर, मजुरी राहू द्या. हे आतलं शिकवा."

प्रोग्राम लिहायला त्याला मी शिकवलं, हे मी आजवर साऱ्या गावाला सांगत आलो. त्यापुढचं सांगत नव्हतो. त्याला जे सुचलं, ते मला जन्मात सुचलं नसतं.

पडद्यावर फायलींच्या नावांची यादी दिसते ना, त्या जागी त्यानं एक खोली काढली. नुसतं चित्र नव्हे, खोल दिसणारी खोली. बाणाची बटणं दाबली की आपण आत चालत जायचो, वळायचो. भिंतीशी कपाट, कपाटात खण. खणावर माऊस दाबला की आतले कागद समोर.

"कशाला हा खटाटोप?" मी म्हणालो. "नाव टाइप केलं की फाईल हजर होते. तुझ्यात चालत जावं लागतं. आणि वळताना मशीन किती धापा टाकतंय बघ."

"नाव इसरतंय माणूस, सर. जागा न्हाई इसरत. तुमच्या आईचा हिंगाचा डबा कुठं असायचा, सांगा बरं?"

आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. डबा मला लगेच दिसला. चुलीच्या वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीमागं. म्हणून मी जास्तच चिडलो.

एका मास्तरांच्या पत्नी माझ्याकडं महिनाभर यादीशी झगडत होत्या. त्यानं त्यांच्यासाठी पडद्यावर स्वयंपाकघर काढलं. नातलगांचे पत्ते साखरेच्या डब्यात, विजेची बिलं मिरचीच्या. बाई खळखळून हसल्या. "अगं बाई, बिलं मिरचीतच पायजेत!" त्या दिवसानंतर त्या 'सर' मला म्हणायच्या आणि शंका त्याला विचारायच्या.

हळूहळू सगळेच त्याच्या खुर्चीभोवती जमू लागले. मी फळ्यापाशी खडू घेऊन उभा असायचो आणि मला दिसायच्या त्या पोरांच्या पाठी.

मग गावातल्या एका पतसंस्थेनं कॉम्प्युटर घेतला. त्यावर कर्जाचे अर्ज ठेवायचे, हवे तेव्हा शोधून काढायचे, आणि ते सांभाळायला एक माणूस कायमचा घ्यायचा असं ठरलं. पेंटरनं तिथं महिनाभर बसून संस्थेचं अख्खं ऑफिस पडद्यावर उतरवलं. दारातून आत गेलं की डावीकडं पाण्याचा माठ, माठावर कॅलेंडर, शेजारी निळं कपाट. दुसऱ्या खणात कर्जाचे अर्ज.

"हे जमलं तर केजातच राहीन," तो मला म्हणाला. "न्हाई जमलं तर औरंगाबाद. भावाचं गॅरेज हाय तिथं. पण अम्मी न्हाई यायची. डोळ्यानं दिसत न्हाई तिला, हितलं घर तेवढं हातानं चाचपून ठावं हाय."

दसऱ्याला मशीनची पूजा करून सगळ्यांसमोर ते चालवून दाखवायचं ठरलं.

आपल्याकडं नवरात्राआधी घरंदारं, दुकानं रंगवून काढतात. मी काही कामानं गेलो तेव्हा पतसंस्थेत चुना चालला होता. मजुरांनी निळं कपाट उचलून समोरच्या भिंतीला, खिडकीखाली नेऊन ठेवलं होतं. हेडक्लार्क आण्णा म्हणाले, "हितंच बरं दिसतंय, राहू द्या. पेंटरला सांगावं लागंल का हो, सर?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

पेंटरचं तिथलं काम उरकलं होतं. त्यानंतर दसऱ्यापर्यंत तो मला क्लासवर रोज भेटत होता.

दसऱ्याला कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं वाटली. आण्णा खुर्चीत बसले. चेअरमननी एक अर्ज काढायला सांगितला. आण्णा पडद्यावरच्या ऑफिसात शिरले आणि सरळ खिडकीकडं निघाले. तिथं मोकळी भिंत. ते वळले. मशीन धापा टाकू लागलं. आण्णांनी मागं वळून खरं कपाट पाहिलं, मग पडदा, मग पुन्हा कपाट.

"कपाट चोरीला गेलं का बे, पेंटर?" चेअरमन म्हणाले. हशा झाला.

पेंटरनं एकवार ऑफिस न्याहाळलं. तोही हसला. "सामान हलवलंय व्हय! जरा वेळ द्या, आतलं बी हलवतो."

"म्हंजी दरसाल चुना दिला की तुला बोलवायचं?"

आण्णा पुटपुटले, "मी तर सरांना सांगितलं होतं..."

पेंटरनं माझ्याकडं पाहिलं. "सर इसरले असतील. लई कामं असतात त्यांना."

चेअरमननी मला विचारलं, "तुमचं मत काय?"

"दिसायला छान आहे. व्यवहारात चालायचं नाही," मी म्हणालो.

हे वाक्य खोटं नव्हतं. अर्ज वाढले असते तर त्या खोलीत फिरून आण्णा दमले असते, असं मला आजही वाटतं. पण मी ते अर्जांच्या काळजीनं बोललो नव्हतो. काम मला मिळालं, आणि माझ्या साध्या यादीवर पतसंस्था वर्षानुवर्षं चालली.

थोड्या दिवसांनी तो क्लासवर आला. त्यानं पडद्यावरच्या कपाटावर माऊस धरला आणि ओढत खिडकीखाली नेलं. "आता आण्णांनी खरं हलवलं की हितं बी हलवायचं. कुणाला बोलवायला नको." त्याची चूक त्यानं दुरुस्त केली होती.

"आता काय उपयोग?" मी म्हणालो. चेअरमनना ते मी कधीच सांगितलं नाही. तो औरंगाबादला गेला. गावात अजून म्हणतात, पेंटर येडा होता, सरांनी वेळीच ओळखलं.

गेल्या साली तो वारल्याचं कळलं. त्याच सुमारास डॉक्टरांचा रिपोर्ट मी माझ्या कॉम्प्युटरवर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्याला काय नाव दिलं ते आठवेना. बराच वेळ याद्या चाळल्या. मग डोळे मिटून बसलो. दार, डावीकडं माठ, माठावर कॅलेंडर, दुसरा खण. सगळं जागच्या जागी. त्याच्यावर मी अजून जळतो, हेही तिथंच कळलं.

मिटल्या डोळ्यांतल्या त्या ऑफिसात निळं कपाट अजून जुन्याच भिंतीशी आहे. जागा बदलल्याचं त्याला कुणी सांगितलंच नाही.