कुलपाशेजारचं घर

समुद्रावरच्या एका गावात जवळजवळ कुणीच मासे धरत नाही, असं मी एकदा सरकारला लिहून द्यायला निघाले होते. दारादारात जाळी टांगलेली, पाऊल टाकावं तिथं सुक्या मासळीचा वास, आणि मी हातात तक्ता घेऊन, बेरीज दोनदा तपासून, ठामपणे म्हणत होते की इथले लोक शिवणकाम करतात, किराणा विकतात, नाहीतर बेकार आहेत. आजही घरात मी एखादी गोष्ट फार खात्रीनं सांगायला लागले की मुलं विचारतात, "आई, हे कुलपाशेजारी विचारलंस का?" सुनेला या थट्टेचा अर्थ कळत नाही, म्हणून ती हकिगत एकदा लिहूनच ठेवते.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं, ती वर्षं. यजमान तिथं सुपरवायझर. आम्ही साताऱ्याकडचे, बोईसरला दोन खोल्या घेऊन राहत होतो. मी बी.ए. झालेली, संख्याशास्त्राच्या पेपरात काठावर पास. हे काठावरचं मी अर्जात लिहिलं नव्हतं. पालघरच्या एका कचेरीत तीन महिन्यांसाठी पाहणीचं काम निघालं आणि त्यांना बाईच हवी होती, कारण मासळी सुकवणं-विकणं हे बायकांकडे, आणि पुरुष विचारायला गेला की त्या नुसत्या हसतात असा कचेरीचा अनुभव. मी गेले तेव्हाही हसल्याच, पण निदान बसायला पाट देऊन हसल्या.

पाहणी जवळ्याची होती. जवळा म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी. किनाऱ्यावर पसरून ती उन्हात सुकवायची. वाळूवर सुकवली की तिच्यात वाळू जाते, आणि दाताखाली कचकचणारा जवळा कोण घेणार? म्हणून सिमेंटचं खळं बांधून द्यायचं ठरलं होतं. खळं त्या वर्षी एक, मागणारी गावं तीन. ज्या गावात जवळ्यावर चूल पेटणारी घरं जास्त, त्याला पहिलं. तिन्ही गावं मलाच करायची होती, आणि सुरुवात एडवणच्या बाजूच्या एका गावापासून होती.

गावात शंभराच्या आसपास घरं. सगळ्यांकडे जायचं नाही, दर पाचव्या घरी जायचं. सुरुवात कुठून करायची ते चिठ्ठी टाकून ठरवलं; तीन आकडा निघाला, म्हणून तिसरं घर, मग आठवं, मग तेरावं. मला ही पद्धत फार पटली, कारण चालणं कमी. कचेरीतले साहेब निवृत्तीला आलेले, तपकीर ओढणारे, सावकाश बोलणारे. त्यांनी शिकवताना सांगितलं, "बाई, शितावरून भाताची परीक्षा, एवढंच हे शास्त्र. फक्त शीत कुठलं उचलायचं ते तुम्ही ठरवायचं नाही. ते चिठ्ठीनं ठरवायचं." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

बोईसरहून सफाळ्यापर्यंत गाडी, पुढं एसटी, पुढं पायी. अकराच्या सुमाराला गावात पोचले. तिसऱ्या घराला कुलूप. आठव्याच्या दारात कोंबडी. तेराव्याला पुन्हा कुलूप. ऊन डोक्यावर, चपलेत वाळू, साडीच्या काठाला काटे. मग मला एक युक्ती सुचली. कुलूप असलं की शेजारचं उघडं दार गाठायचं. पाचवं काय आणि सहावं काय, गाव तर तेच. असं म्हणून मी शिंप्याकडे बसले, किराणावाल्याकडे बसले, पेन्शनीतल्या मास्तरांकडे तर चहाही घेतला. मधूनच एखाद्या निवडलेल्या घरी म्हातारं माणूस भेटे. त्याला मी छापील प्रश्न विचारी, "घरातली किती माणसं कामाला जातात?"

"कामाला? कोन नाय."

"कुणीच नाही?"

"नाय गो बाय. आमच्यात कामाला जात नाय कोन."

मी त्या रकान्यात 'बेकार' लिहिलं आणि मनातल्या मनात हळहळलेही. दोन दिवसांत गाव आटोपलं. कचेरीनं आठ दिवस दिले होते. मी स्वतःवर खूश होते.

ती खुशी सफाळ्याच्या बाजारात संपली. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून मी स्टेशनबाहेर रेंगाळत होते. तिथं एक पन्नाशीची बाई जवळ्याची पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. काळीसावळी, अंगानं सडपातळ, आवाज मात्र पलीकडच्या फलाटावर पोचेल असा. एका गिऱ्हाइकानं चिमूटभर जवळा तळहातावर चोळला, फुंकला, आणि तळहात तिच्यापुढं धरून म्हणाला, "मावशी, जवळा विकतेस का घर बांधायची रेती?"

"दोन्ही घे. एकाच्या भावात देते," ती म्हणाली. तो हसला आणि न घेता गेला. ती हसली नाही. तिनं पाटीवरचा फडका सारखा केला आणि माझ्याकडे बघितलं.

"तू ती लिवनारी मास्तरीण ना? आमच्या गावात आलेली?"

मी हो म्हणाले.

"माझा तेरावा दार. कुलूप बघून शिंप्याकडं गेलीस."

"हो, म्हणजे तुम्ही नव्हता ना मावशी, म्हणून…"

"मी हितं होते. जवळा इकत होते. तू शिंप्याला इचारलास, जवळा किती सुकवतोस. त्यानं काय सांगितलान?"

"काहीच नाही म्हणाला."

"बरोबर हाय. तो चोळ्या शिवतो."

शेजारी बसलेल्या दोघीतिघी पाटीवर हात आपटून हसल्या. मावशीनं मात्र विषय सोडला नाही. खळं मागायचा अर्ज तिनंच फिरवला होता, सगळ्या बायकांचे अंगठे घेऊन. पालघरच्या कचेरीत चार खेपा घातल्या होत्या, आणि प्रत्येक खेपेला एका दिवसाचा बाजार बुडाला होता. "ज्यांच्या दाराला कुलूप, त्याच जवळा सुकवतात. ज्या घरात दुपारची मानसं, त्यांचा जवळ्याशी काय संबंद? तू सगळी उघडी दारं मोजलीस बाय. आमचा खळा घालवलास की काय?"

घरी येऊन मी तक्ता पुन्हा काढला. शिंपी, वाणी, मास्तर, आणि बेकारांची लांबलचक रांग. यजमानांनी वाचला आणि म्हणाले, "अगं, या गावात मासे विकत कुठून आणतात?" मग जेवताना भाताचं एक शीत बोटावर घेऊन म्हणाले, "हे पातेल्यातलं आहे, की शेजारच्या घरचं?" मी त्यांना वाढायचं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं तक्ता ठेवला आणि झालं ते सांगितलं. त्यांनी तपकिरीची डबी बंद केली. "सूचना वाचल्या होत्या?"

"हो साहेब."

"चौथं पान?"

चौथं पान पाचव्याला चिकटलेलं होतं. ते सोडवायची तसदी मी घेतली नव्हती. साहेबांनी पट्टीनं अलगद सोडवून माझ्यापुढं धरलं. घर बंद असेल तर तीन वेळा जावे. बदली घर घेऊ नये. तरीही बंद राहिल्यास 'बंद' अशी नोंद करावी. सगळं स्वच्छ छापलेलं.

"महिनाअखेर तक्ते ठाण्याला जाणार," ते म्हणाले. "बाकीची दोन गावंही व्हायची आहेत तुमची. जमेल का, की दुसरं कुणी पाठवू?"

"मीच जाईन," मी म्हणाले. तोवर माझ्या आवाजात असा ठामपणा मी स्वतःही ऐकला नव्हता. त्याचं एक कारण लाज, हे कबूल करते.

जाण्याआधी बाजारात मावशीला गाठलं आणि विचारलं, सगळे घरी कधी भेटतील? तिनं आभाळाकडे न बघता सांगितलं, "अष्टमीला ये. भांग असतो." पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला ओढ असते, ते उधाण. तेव्हा डोलीची, म्हणजे प्रवाहात खुंटांना बांधलेली पिशवीसारखी जाळी भरतात. अष्टमीच्या आसपास पाणी मंद, तो भांग. तेव्हा होड्या किनाऱ्याला आणि पुरुष घरी, जाळी शिवत. मी पहिल्यांदा गेले होते ती ऐन पौर्णिमा. गाव पाण्यावर आणि बाजारात होतं, आणि मी गावात होते.

अष्टमीला गेले. दारं उघडी. मोठ्या उमेदीनं तिसऱ्या घरापासून सुरुवात केली. जाळं शिवत बसलेल्या माणसाला विचारलं, "घरातली किती माणसं कामाला जातात?"

"कोन नाय."

या वेळी मी पेन खाली ठेवलं. "मग खाता काय?"

तो जाळ्यातून बघून म्हणाला, "धंदा हाय की. दोन भाव, मी आन् बापूस. डोल हाय आमची. कामाला जातात ती बोईसरला, सायबाच्या हाताखाली, पगारावर. आमी कशाला कामाला जाऊ?"

सूर्य उगवायच्या आत उठणारी ती सगळी माणसं मी बेकार करून टाकली होती. छापील प्रश्नातला 'काम' खोडून मी पेन्सिलीनं 'धंदा' लिहिलं, आणि साहेबांना दाखवायला समासात खूण केली. मग पुढचा प्रश्न. "काल घरी जवळा किती आला?"

"काल? काल भांग होता ना."

म्हणजे शून्य. पुढच्या घरी शून्य. त्याच्या पुढच्या घरीही शून्य. तेराव्या दारात पोचले तेव्हा माझा चेहरा बघूनच मावशीला कळलं.

"उधाणात आलीस तर घर रिकामा," ती म्हणाली, "भांगात आलीस तर पाटी रिकामी. आता काय लिवशील?"

उत्तर मला चौथ्या पानावरही सापडलं नसतं. तिच्या ओट्यावर बसून पाणी प्यायले आणि ठरवलं: माणसं भांगात मोजायची, जवळा उधाणात. तीच घरं, दोन खेपा. भांग सरायच्या आत बाकीच्या दोन गावांतली माणसंही मोजून झाली. मग अमावास्येला तिन्ही गावांच्या किनाऱ्यावर एकेक दिवस काढायचा. यजमान म्हणाले, "अगं, चालणं कमी म्हणून घेतलेलं काम ना हे?" आणि माझ्या चपलेला नवा अंगठा लावून आणला.

अमावास्येला मावशीच्या गावी किनाऱ्यावर उभी राहिले. पाट्या येत होत्या. पाटी पाटीसारखी नसते हे तिथं कळलं, म्हणून तागडी मागून घेतली. एका घराच्या दोन होड्या होत्या आणि त्यांच्या पाट्यांची रांगच लागली. सरासरी काढली असती तर गाव आहे त्याहून फार सुखी दिसलं असतं. साहेबांनी सांगितलं होतं की असं झालं तर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावा आणि मधलं बघा. मी बायकांना तसंच सांगितलं. त्यांनी निवडलेल्या घरांच्या पाट्या वाळूवर ओळीनं मांडल्या, भांडत, ढकलत, एकमेकींना "तुझी कसली मोठी गो, वर नुसता फुगवलास" म्हणत. मधली पाटी नेमकी मावशीची निघाली. तिला ते आवडलं नाही. तिला वाटत होतं, तिची मोठ्यांत आहे.

आणि मग ती मला बाजूला घेऊन गेली. "अठ्ठावीस नंबर लिवू नको."

अठ्ठाविसाव्या घरातले दोन्ही मुलगे बोईसरला बांधकामावर लागले होते. होडी विकलेली. घरात जवळ्याचा एक दाणा नाही. हे मी भांगातच लिहून घेतलं होतं.

"त्याच्या शेजारी माझी भैन ऱ्हाते. तिच्या दोन वलांडींवर बोंबील वाळतात आन् पाटीभर जवळा. तिचा लिव. पयल्या खेपेला शेजारी गेलीसच ना तू? आता आमच्यासाठी एकदा जा."

त्या वेळी दुसरं कुणी असतं तर मी चौथं पान पुढं केलं असतं. पण तिच्या चार खेपा, बुडालेले बाजार, आणि ते तळहात पुढं धरणारं गिऱ्हाईक, सगळं माझ्या डोळ्यांपुढं होतं. शिवाय पहिल्या वेळी आळसानं जे केलं ते आता चांगल्या हेतूनं करायचं, एवढाच फरक. मी तक्त्यातली अठ्ठावीसची ओळ बोटानं शोधली.

"मावशी, एक घर मी तुमच्यासाठी बदललं, तर बाकीच्या दोन गावांतही कुणाची तरी बहीण राहतेच," मी म्हणाले. "मग या कागदाला अर्थ काय राहिला?"

"आमचा खळा ऱ्हायला तर?"

"तर खऱ्या आकड्यानं राहील."

ती वळून पाट्यांकडे गेली आणि ओळीतली आपली पाटी उचलून घेतली.

तक्ते वेळेत दिले. साहेबांनी तिन्ही गावांतली काही घरं स्वतः जाऊन तपासली, त्यात अठ्ठाविसावंही होतं. मावशीचं गाव दुसरं आलं. पहिल्या गावापेक्षा दोनच घरं कमी. खळं दुसरीकडे गेलं.

हे सांगायला मला तिच्याकडे जावं लागलं नाही. पुढच्याच आठवड्यात ती कचेरीत आली, पाचव्या खेपेला, पाटी बाहेर ठेवून. साहेबांसमोर उभी राहून तिनं विचारलं, "आमचा आकडा खरा हाय का?"

"खरा आहे. मी स्वतः पाहिलाय," साहेब म्हणाले.

"पयल्या गावाला खळा मिळाला. मग आता रांगेत पुढं कोन?"

साहेबांनी तक्ता उघडला. "तुमचंच गाव."

"पुढल्या साली परत कोन मोजायला येनार?"

"गरज नाही. ही नोंद दोन खेपांची, तपासलेली आहे."

"तर तसा लिवून द्या. हिच्या हातानं. ही घर बदलत नाय, गावाला ठावं हाय."

साहेबांनी माझ्याकडे कागद सरकवला. पुढचं खळं याच गावाला, असं मी लिहिलं, त्यांनी सही केली, शिक्का मारला. मावशीनं कागदाची घडी करून कमरेच्या पिशवीत खोचली आणि माझ्याकडे वळली. "चल मास्तरनी, पाटी उचलून दे. दोनची गाडी गाठायची हाय."

मी पाटी उचलायला गेले. ती माझ्याच्यानं हलली नाही. कचेरीतला शिपाई दुसऱ्या बाजूला लागला, तेव्हा कुठं ती तिच्या डोक्यावर चढली.