खळ्याच्या चित्राला नाव मिळालं त्याची गोष्ट

आमच्या जेवणाच्या टेबलासमोर अकरा वर्षं शेणानं सारवलेल्या कापडावरचं एक वारली चित्र होतं. खळ्यावर मळणी चाललीये, बैल गोल फिरतायत, बायका पाखडतायत, कडेला कोंबड्या. नाशिकच्या प्रदर्शनात घेतलं तेव्हा चित्रकाराचं नाव विचारलं होतं. "यात नाव वगैरे नसतं मॅडम," विक्रेता म्हणाला आणि मीही शहाण्यासारखी मान डोलावून घरी आले. गेल्या महिन्यात घराला रंग देताना त्याची काच फुटली. फ्रेमवाल्यानं सहज विचारलं, "खाली कुणाचं नाव टाकू?" ज्या हाताचं काम बघत आम्ही रोज जेवलो, तो हात कुणाचा हेच माहीत नाही, याची मला खरंच लाज वाटली.

तलासरीजवळच्या एका पाड्यावर गावकऱ्यांनीच चालवलेलं कलादालन आहे, असं मैत्रिणीकडून ऐकलं होतं. बिनफ्रेमचंच चित्र चादरीत गुंडाळलं आणि शनिवारी सकाळी निघालो. "एका नावासाठी एवढं पेट्रोल?" असं नवऱ्यानं विचारून पाहिलं, पण गाडी त्यानंच चालवली.

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत कासा गाठायचं. वळणं भरपूर आहेत, तेव्हा निघताना तुडुंब खाऊ नका. चारोटीहून आशागडमार्गे डहाणू, आणि तिथून पुढे चिखल्याला आमचा मुक्काम. चिकूच्या वाडीतली साधी खोली, दोघांचे नाश्त्यासकट दोन हजार. संध्याकाळी किनाऱ्यावर बोंबील वाळत टाकले होते. मी नुसतीच वाकून बघत होते, तर राखणीला बसलेली बाई म्हणाली, "बेन, बघून पोट भरतं काय? घेऊन जा नी!" अर्धा किलो घेतले. गाडीला अजून वास येतो.

रविवारी सकाळी हायवेवर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचं दर्शन घेऊन तलासरीकडे निघालो. कलादालनाला पाटी नाही, त्यामुळे तलासरी सोडल्यावर दोनदा तरी विचारावं लागतं. तिकीट नाही, दाराशी डबा आहे, सोमवारी बंद. कुडाची लांबट खोली, आणि ती चालवणारी माणसं दोनच. चाळिशीच्या नवशीताई भिंती सारवतात, चित्रं टांगतात, आल्यागेल्याला पाणी देतात. देवजीभाऊ सकाळी शेतावर जातात आणि दहानंतर इथे येऊन चित्रांखालच्या चिठ्ठ्या लिहितात. आम्ही पोचलो तेव्हा नवशीताईंचे हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले होते. त्या हातांनीच त्यांनी "या, या" केलं.

एका भिंतीवर मला गंमत दिसली. पाच चिठ्ठ्या, पाच नावं, आणि वर चित्रच नाही. मला वाटलं, चित्रं उतरवली असतील. "नाय," देवजीभाऊ म्हणाले. "या बायांनी काढलेली चित्रं बिननावाची शहरात गेली. आम्ही आधी नाव लावतो. चित्र कठं तरी असंल, येल कधी."

मी चादर सोडली. नवशीताईंनी हात धुतले, चित्र उचललं आणि सरळ दाराशी उजेडात नेलं. बैलांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कापड तिरपं धरून त्या चित्रामागचं सारवण बघत होत्या.

"देवजीभाऊ, बोटं बघा. उलटी फिरलीत. डावखुरी बाई आहे."

"रमीबाय?"

"दुसरी कोण?"

पाच चिठ्ठ्यांतली दुसरी रमीबायची होती. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण दोघांचे चेहरे काही खुलले नाहीत. देवजीभाऊंनी कारण सांगितलं. रमी फक्त कापडं सारवून द्यायची, चित्रं दुसरेच काढायचे, असं पाड्यातले बरेच जण म्हणत. एक शेजारीण तर दालनात येऊन भांडून गेली होती. पुरावा मिळाला नाही तर दिवाळीनंतर ती चिठ्ठी काढायची, असं पाड्याच्या बैठकीत ठरलंय. आणि या चित्रावरून तरी काय कळणार? सारवण तिचं, हे सगळेच मान्य करतात.

"तिलाच विचारू," नवशीताई म्हणाल्या. चित्र पुन्हा गुंडाळून आम्ही चालत निघालो.

रमीबाय ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या. हात थरथरतात, म्हणून चित्र काढायची काडी सोडून बरीच वर्षं झाली. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे नवशीताईंना ओरडूनच सांगावं लागलं, "नाशिकच्या बाईंकडं खळ्याचं चित्र आहे!"

रमीबायनं सोललेला दाणा टोपलीत टाकला. "खळ्याचं? त्यात एक कोंबडी एका पायाची असंल. आमची होती. कुत्र्यानं धरलेली."

चित्र अजून चादरीतच होतं. एका पायाची कोंबडी आहे, हे आमच्यात फक्त मला आणि नवऱ्याला माहीत होतं. अकरा वर्षं आम्ही समजत होतो, चित्रकार दुसरा पाय विसरला. मी चादर बाजूला केली आणि कोंबडीवर बोट ठेवलं. देवजीभाऊ खाली वाकले, बघून सरळ झाले आणि एकदम मोठ्यानं हसले. नवशीताईंनी पदर डोळ्याला लावला.

रमीबायनं पुढचा वाल सोलायला घेतला. "घरात लावलंस ना, बाय? बरं केलंस. ने परत."

चित्र ठेवून जा, असं मला कुणीच म्हणालं नाही. दालनात परतल्यावर नवशीताई ते पुन्हा नीट गुंडाळायला लागल्या. मला ते हवं होतं, खोटं कशाला बोलू? आमच्या घरातली तेवढी एकच वस्तू मी स्वतः निवडलेली. पण ती दुसरी चिठ्ठी समोरच होती.

"खिळा आहे का?" मी विचारलं.

"नाय ताई. तुम्ही नाव न्यायला आलात."

"नाव नेतेच आहे."

देवजीभाऊ हातोडी घेऊन आले. मग त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, वालाची आमटी, मिरचीचा ठेचा. पैशांचं नाव काढलं तर नवशीताई रागावल्या.

घरी भिंतीवर फिकट चौकोन राहिलाय. जेवताना नजर अजून तिकडे जाते आणि चुटपुट लागते, नाही असं नाही. पण त्या दोघांची आठवण आली की मन भरून येतं. पाच रिकाम्या जागा राखत बसलेल्या या माणसांनी मला माझंच चित्र बघायला शिकवलं, आणि वर काही मागितलं नाही.

परवा नवशीताईंचा फोन आला. ती भांडणारी शेजारीण येऊन चित्र बघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "ही कोंबडी माझ्याच अंगणात मेली." चिठ्ठी आता राहणार. आणि रमीबाय रोज येऊन चित्राखाली बसतात. त्यांना वाचता येत नाही, म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला चिठ्ठीकडे बोट दाखवून सांगतात, "वाच."

तुम्ही गेलात तर जरा मोठ्यानं वाचा. त्यांना कमी ऐकू येतं.