खालचं नेट, वरचं नेट

नवा लॅपटॉप घरात आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्याला शिवी दिली. पडद्यावरची मुलं एकाएकी गोठली होती, एकीचं तोंड उघडंच राहिलं होतं, आणि मी म्हणाले, "मेल्या, आत्ताच मरायचं होतं का तुला?" नेमकं त्याच क्षणी नेट परत आलं. आठही मुलांनी ते ऐकलं. त्यातल्या एकाने गंभीरपणे विचारलं, "टीचर, मेल्या म्हणजे काय?"

तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, वर्गात कधी वावगा शब्द तोंडातून गेला नाही. रिटायर झाल्यावर दीड वर्ष नुसती बसून होते. पेपर वाचायचा, चिक्कडपल्लीच्या बाजारातून भाजी आणायची, दुपारी झोपायचं, की दिवस संपला. मग ओळखीतून ही मुलं मिळाली. पुण्या-मुंबईहून इथल्या कंपन्यांत नोकरीला आलेल्या लोकांची, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारी. मराठी फाडफाड बोलतात, पण 'ज्ञ' दिसला की गाडी थांबते. त्यांना वाचायला शिकवायचं, रोज संध्याकाळी पाच वाजता, घरबसल्या. आधी मी हे फोनवरून करत होते; पण त्या एवढ्याशा पडद्यावर मुलांना अक्षरं दिसेनात, म्हणून लॅपटॉप घेतला. आणि लॅपटॉप आल्यापासून तास दर दहा मिनिटांनी तुटू लागला.

आठ मुलं होती, तीन गेली. उरलेल्यांच्या आयांच्या ग्रुपवर एकीने अगदी गोड भाषेत लिहिलं की टीचर, रविवारचा तास कसा होतो ते बघूया, नाहीतर आम्हाला दुसरी काही व्यवस्था करावी लागेल. गोड भाषा मला कळते, मीही पालकसभेत तीच वापरायचे. तो तास गेला असता तर माझ्याकडे पुन्हा भाजी आणि दुपारची झोप उरली असती. याची मला खरोखर भीती वाटत होती.

मग मी हात धुऊन त्या लॅपटॉपच्या मागे लागले. बंद करून चालू केला. नेटचा डबाही बंद करून चालू केला. एका मुलाच्या वडिलांनी फोनवरून सांगितलं तसं काय काय अपडेट केलं; त्याला दोन तास लागले आणि फरक शून्य. डबा मागच्या खोलीत आहे, आणि मी बसते पुढच्या खोलीत. मध्ये लोखंडी कपाट होतं, ते कामवालीच्या मदतीने सरकवलं. कपाटामागे हरवलेला चष्मा सापडला, नेट सापडलं नाही. मागच्या खोलीत बसून पाहिलं तर नेट छान चालायचं, पण आमच्या मागेच फंक्शन हॉल आहे आणि संध्याकाळी तिथे बँड वाजतो. 'कमळातला क म्हणा' असं त्या बँडवर ओरडून सांगण्याइतका आवाज आता माझ्यात नाही.

लॅपटॉपला एखादं नेट 'विसर' म्हणून सांगता येतं. आमच्या नेटला आईचं नाव आहे. तिच्या नावावर बोट ठेवून 'विसर' दाबताना मी जरा थांबले, मग दाबलं, पुन्हा पासवर्ड घातला, पुन्हा जोडलं. दुसऱ्या दिवशी पाच वाजून अकरा मिनिटांनी मुलं परत गोठली.

शेवटी नेटच्या कंपनीच्या माणसाला बोलावलं. पन्नाशीचा, मिशाळ, बोलायला शांत. त्याने हातात फोन धरून घरभर एक फेरी मारली. पुढच्या खोलीत उभं राहून वर छताकडे पाहिलं आणि विचारलं, "अम्मा, ऊपर कौन रहते?"

"माझा भाऊ," मी म्हणाले. "का?"

"एकीच नाम के दो हैं, अम्मा. एक आपका, एक ऊपर का. नाम भी सेम, पासवर्ड भी सेम दिखरा. आपका लॅपटॉप यहाँ बैठे तो ऊपर को जारा, फिर नीचे को आरा. जाते-आते टाइम में क्लास कट होरी." मग तो हसला. "एक का नाम बदल देना. पाँच मिनट का काम है."

यादीत नाव एकदाच दिसतं, म्हणून मला कधी कळलंच नव्हतं. फोनवर तास घ्यायचे तेव्हा त्याच्या सिमचंच नेट वापरायचे, म्हणून त्यालाही कधी कळलं नाही. आणि हा नवा लॅपटॉप बिचारा दोन दगडांवर पाय ठेवून उभा होता आणि शिव्या खात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

पाच मिनिटांचं काम, हे त्या भल्या माणसाला वाटलं. हे विद्यानगरचं घर वडिलांनी बांधलेलं, वर दादा आणि वहिनी, खाली मी. तीन वर्षं दादा आणि मी एकमेकांशी बोललो नव्हतो. आई माझ्याकडे, मागच्या खोलीत राहायची. शेवटच्या महिन्यात दादाचं म्हणणं होतं, दवाखान्यात न्यायचं. आईने माझा हात धरून सांगितलं होतं, मला कुठे नेऊ नका. मी नेऊ दिलं नाही. ती गेली त्या दिवशी दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझ्या हट्टापायी गेली." मी उलट काही बोलले नाही, नंतर मात्र रोज मनातल्या मनात बोलत राहिले. त्यानंतर तो खाली आला नाही, मी वर गेले नाही. वहिनी तेवढ्या ये-जा करायच्या. राखीसुद्धा त्यांच्याच हातून वर जायची.

आई असताना साऱ्या घराला एकच नेट होतं. तिला नातवंडं व्हिडिओवर दिसावीत म्हणून दादानेच ते तिच्या खोलीत बसवलं आणि तिचं नाव दिलं. भांडणानंतर त्याने वर वेगळं घेतलं एवढं मला माहीत होतं. त्याला त्याने तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला, हे मात्र आज परका माणूस मला सांगत होता.

माझा डबा माझा होता, नाव बदलायला कोणाला विचारायची गरज नव्हती. त्या माणसाने ते कसं करायचं तेही दाखवलं. तो गेल्यावर मी लॅपटॉप उघडून बसले. आईचं नाव पुसलं आणि रिकाम्या चौकटीकडे बघत राहिले. मग काहीही न करता ते पान बंद केलं. मी का बदलू? शेवटपर्यंत तिचं सगळं केलं ते मी. आणि मग हेही मनात आलं की त्याने तरी का बदलावं, तीन वर्षं त्याच्याकडेही तेच नाव आहे. माझा राग नेहमी असाच असतो, अर्ध्या वाटेत समोरच्याची बाजू घेतो आणि मला एकटीला सोडतो.

शनिवारी सकाळी मी वर गेले. वाटीभर लिंबाचं लोणचं नेलं, म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवायची तयारी. दार उघडून वहिनी बाजूला झाल्या. दादा जेवणाच्या टेबलाशी फोन घेऊन बसला होता. खूप म्हातारा दिसला. भुवयाही कधी इतक्या पांढऱ्या झाल्या, कळलं नाही. मी त्याला फक्त गेटबाहेर जाताना पाठमोरा बघत होते.

"काय परेशानी आहे?" त्याने फोनवरून नजर न काढता विचारलं. आमच्या घरात अडचण कोणी म्हणत नाही.

मी सगळं सांगितलं. मुलं, रविवार, दोन नावं.

"तरीच," तो म्हणाला. "मी जिन्याजवळ बसून लेकीशी बोलायला लागलो की कट होतो. मी त्या कंपनीवाल्यांशी किती भांडलो."

"हौ, रोज भांडतात," वहिनी आतून म्हणाल्या.

"मी माझं बदलते," मी म्हणाले. "तुझं राहू दे."

दादाने फोन टेबलावर ठेवला. वहिनींनी आत चहा ठेवल्याचा आवाज आला.

"नको," तो म्हणाला. "तिचं नाव तुझ्याकडेच राहू दे. तिला तुझ्याकडेच राहायचं होतं. मलाही सांगितलं होतं तिने. मीच ऐकलं नाही."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, लोणच्याची वाटी हातात धरून तशीच उभी राहिले. तीन वर्षं मी मनात त्याच्याशी जी भांडणं केली त्यांतल्या एकातही तो असं म्हणाला नव्हता.

त्याच्या नेटचं नाव बदलायचं काम मीच केलं, मला आता जमत होतं. नवीन काय लिहू विचारलं तर सचिवालयात जन्म घालवलेला माणूस म्हणाला, "पहिला मजला." तेच लिहिलं. चहा झाला. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

रविवारी तास पन्नास मिनिटं सलग चालला. एकीने 'ज्ञानेश्वर' एका दमात वाचलं आणि तिच्या आईने मागून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचा निरोप घेऊन मी लॅपटॉप मिटला आणि बाहेरचा दिवा लावायला दार उघडलं, तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, माझ्या दाराला लागून, दादा बसला होता.

"कधीपासून बसलास?" मी विचारलं.

"पाचपासून," तो म्हणाला. "नेट गेलं असतं तर वरचं बंद करायला धावलो असतो."